ईश्वरश्रद्धेचा आधार : ग्रंथ की तर्क?

ईश्वर मानावयाचा तर तो ग्रंथाच्या आधारे की तत्त्वज्ञानाच्या, हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आपल्या तरुणांना जत्रेची वर्गणी, नवस, अंगात येणे अशा प्रसंगी 'तुम्ही देव का मानत नाही?' असे विचारले जाते. 'बाबासाहेबांनी सांगितले म्हणून' एवढे उत्तर पुरेसे आहे काय, हे प्रस्तुत लेखात आम्ही तपासू इच्छितो.

मुरबाडहून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. त्यात इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य व लोकपाल यांना वंदन असून अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांत दिलेल्या हजारो गाईंच्या दक्षिणेची नोंद आहे. घाट ओलांडताच जुन्नर परिसरात बौद्ध लेण्यांचे समूह लागतात. नाणेघाटचा लेख विश्वसनीय आहे. परंतु त्यावरून राजकुळाची श्रद्धा सिद्ध होते, इंद्राचे अस्तित्व नव्हे. कोणत्याही धर्मग्रंथाच्या साक्षीची मर्यादा हीच होय.

शिवाय ग्रंथ प्रमाण मानणाऱ्यांतही एकमत नाही. कुमारिलभट्टांनी वेद प्रमाण मानले, पण जगत्कर्ता ईश्वर नाकारला. शंकराचार्यांच्या मते जगत्कारण ब्रह्म शास्त्रावरूनच कळते, केवळ अनुमानाने नाही. ग्रंथ तेच आणि निष्कर्ष भिन्न; मग निर्णय ग्रंथाने कसा व्हावा?

दहाव्या शतकातील नैयायिक उदयनाचार्यांनी तर्काचा मार्ग धरला. घटाला जसा कुंभार, तसा जगाला कर्ता असला पाहिजे, हा नैयायिकांचा प्रसिद्ध युक्तिवाद. त्याचे खंडन सातव्या शतकातच बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी केले होते. मातीला आकार आहे एवढ्यावरून कुंभार सिद्ध होत असेल, तर वारूळही कुंभाराचेच म्हणावे लागेल! आपल्या माळरानावरची वारुळे पाहणाऱ्या शेतकऱ्यास हा मुद्दा सहज पटावा.

तथागतांनी मात्र याहून मूलगामी प्रश्न विचारला. दीघनिकायातील तेविज्जसुत्तात वासेट्ठ व भारद्वाज हे दोन तरुण, कोणत्या आचार्याचा मार्ग ब्रह्म्याकडे नेतो यावर वाद घालीत येतात. तथागत विचारतात : तुमच्या आचार्यांपैकी, त्यांच्या सात पिढ्यांपैकी, किंवा मंत्रकर्त्या ऋषींपैकी कोणी ब्रह्मा प्रत्यक्ष पाहिला आहे काय? उत्तर नकारार्थी येते. तेव्हा ते या परंपरेला एकमेकांस धरून चालणाऱ्या आंधळ्यांच्या रांगेची उपमा देतात. मज्झिमनिकायातील चंकीसुत्तात हीच उपमा येते आणि तेथे आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे : श्रद्धा, आवड, परंपरा, तर्क व मताची पटणूक या पाचांवर मानलेली गोष्ट खरीही निघू शकते, खोटीही. म्हणजे ग्रंथाप्रमाणेच कोरडा तर्कही अपुराच.

आता हीच कसोटी आपण आपल्यालाही लावली पाहिजे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणणे सोपे आहे. पण 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी नुसता आदेश दिलेला नाही, कारणे दिली आहेत : ईश्वर कोणी पाहिलेला नाही, त्याच्यावरील विश्वासातून पूजा-प्रार्थना येते, त्यातून पुरोहित निर्माण होतो आणि तो सम्यक् दृष्टीचा नाश करतो. वर्षावासात विहारातून या ग्रंथाचे वाचन करताना ही कारणे बाजूला ठेवून केवळ ग्रंथाची पूजा केली, तर आंधळ्यांच्या रांगेत आपणही एक हात धरू.

तेविज्जसुत्ताचा शेवट खंडनात होत नाही. मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा यांच्या भावनेत होतो. केसमुत्तिसुत्तातही कालामांना ग्रंथ किंवा तर्क यांवर विसंबू नका असे सांगून, लोभ, द्वेष व मोह यांचे परिणाम स्वतः पाहा, असे तथागत सुचवितात. म्हणून गावातील प्रश्नकर्त्यास उत्तर देताना कारण द्यावे, त्याच्या श्रद्धेचा उपहास करू नये, आणि आपल्या आचरणात त्याला पाहता येईल असे काहीतरी असावे. न पाहिलेल्या ईश्वराविषयीचा वाद त्यानंतर फारसा उरत नाही.