सोफियाची सहल : चार प्रार्थनास्थळं आणि दोन आकडे



आम्ही सोळा जण, त्यात पाच नातवंडं, बल्गेरियाची राजधानी सोफिया पाहून आलो. बेन गुरियनहून विमानानं अडीच-तीन तासांचा प्रवास. १ जानेवारी २०२६ पासून तिथं युरो चालतो, त्यामुळं जुन्या 'लेव्ह' नोटांचा हिशेब करत बसावं लागत नाही.

बाळांनो, आधी तुमच्यासाठी एक गंमत. बल्गेरियन माणूस 'हो' म्हणताना मान आडवी हलवतो आणि 'नाही' म्हणताना उभी! आईस्क्रीम मागितल्यावर दुकानातल्या बाईंनी मान आडवी हलवली, तर आमची मुलं हिरमुसली. आम्हां म्हाताऱ्यांना मात्र काही अडलं नाही. मुंबईत 'बरं बरं' म्हणताना मान डोलावण्यात आपला जन्म गेला!

खाण्याचीही सोय झाली. काकडी-टोमॅटोवर पांढरं चीज किसून घातलेली 'शोप्स्का' कोशिंबीर, याफोच्या बुरेकासची बहीण शोभेल अशी 'बानित्सा', आणि प्यायला 'आयरान', म्हणजे आपलं मिठाचं ताक. दह्याचा तर या लोकांना मोठा अभिमान. दूध विरजणाऱ्या एका जंतूचं नावच 'बल्गेरिकस' आहे. तो १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन डॉक्टरांनी शोधला.

आता शहर पाहू. १९८९ पर्यंत इथं कम्युनिस्टांचं राज्य होतं. भर चौकात पक्षाची भली मोठी कचेरी अजून उभी आहे, पण तिच्या माथ्यावरचा लाल तारा आता संग्रहालयात जाऊन बसला आहे. जिथं लेनिनचा पुतळा होता तिथं आता हातावर घुबड घेतलेली सोफिया उभी आहे. घुबड हे तिकडं शहाणपणाचं चिन्ह बरं का! पुढारी दिमित्रोव्ह १९४९ मध्ये वारले तेव्हा त्यांचा देह ठेवायला सहा दिवसांत एक इमारत उभारली होती. १९९९ च्या ऑगस्टमध्ये ती सुरुंग लावून पाडायला घेतली, तर पहिल्या स्फोटाला दाद देईना! नुसती कलली.

राज्यं आली नि गेली, पण त्याच भागात चार देवघरं हाकेच्या अंतरावर टिकून आहेत. स्वेता नेदेल्या हे ऑर्थोडॉक्स चर्च, सेंट जोसेफ हे कॅथलिक चर्च, १६ व्या शतकातली बान्या बाशी मशीद आणि आपलं सिनॅगॉग. मशीद आणि सिनॅगॉग इतकी जवळ पाहून मुंबईची आठवण झाली. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली बांधलेल्या 'शार हारहमीम'ला आजूबाजूचे लोक जुनी मशीद म्हणत. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं असं मानतात.

सोफियाचं सिनॅगॉग १९०९ साली उघडलं. हजारावर माणसं बसतील एवढं मोठं, आणि घुमटाखाली सुमारे दोन टनांचं झुंबर! पण रोजच्या प्रार्थनेला आता छोटी खोली पुरते. मग माणसं गेली कुठं? आपल्याकडेच! १९४८-४९ मध्ये जवळजवळ सगळा समाज इस्राएलला आला आणि पुष्कळ जण याफोत राहिले. स्पेनमधून १४९२ मध्ये हाकललेल्यांचे हे वंशज घरात लादिनो बोलत, जसे आपण मराठी.

ते जिवंत आले कसे, हे नातवंडांना सांगायलाच हवं. मार्च १९४३ मध्ये बल्गेरियाच्या यहुद्यांना पोलंडला पाठवायची तयारी झाली होती. क्युस्तेंदिल गावची मंडळी धावत सोफियाला आली. त्याच गावचे दिमितार पेशेव्ह हे संसदेचे उपसभापती. सरकार जर्मनीच्या बाजूचं आणि हे त्याच सरकारचे पाठीराखे! तरी ते मंत्र्यापुढं जाऊन उभे राहिले आणि हुकूम थांबला. मग ४३ खासदारांच्या सहीचं निषेधपत्र दिलं, त्यापायी त्यांचं पद गेलं. सोफियाचे बिशप स्तेफान आणि प्लोव्दिवचे बिशप किरील हेही आडवे आले. मे महिन्यात सोफियाच्या यहुद्यांना घरंदारं सोडून खेड्यापाड्यांत जावं लागलं, पुरुषांना सक्तीची मजुरी करावी लागली. पण सुमारे ४८,००० जीव वाचले. पेशेव्ह यांना पुढं कम्युनिस्टांनी तुरुंगात टाकलं. याद वाशेमनं १९७३ साली त्यांचा गौरव केला, त्याच वर्षी ते वारले.

पण गोष्ट इथं थांबवली तर ती अर्धीच राहते. त्या वेळी थ्रेस, मॅसिडोनिया आणि पिरोत हे भाग बल्गेरियाच्या ताब्यात होते. तिथले ११,३४३ यहुदी बल्गेरियन पोलिसांनीच पकडून जर्मनांच्या हवाली केले. त्यांना त्रेब्लिंकाला नेऊन मारलं. त्यांच्यासाठी कुणी शेजारी वेळेवर मंत्र्याच्या दारात पोचला नाही.

आमच्या मंडळींत यावर बराच वाद झाला. कुणी म्हणालं, वाचवलं त्याचे उपकार माना, दुसरं कशाला काढता? आम्हां बहुतेकांचं मत असं पडलं, की उपकार मानायचे ते पेशेव्ह यांचे, क्युस्तेंदिलच्या शेजाऱ्यांचे, त्या बिशपांचे. आणि हिशेब मागायचा तो सरकारचा. कोकणातल्या गावांनी आपल्याला कधी परकं मानलं नाही, म्हणून चांगल्या शेजाऱ्याची किंमत आपण जाणतो. ज्यांना तो लाभला नाही त्यांना म्हणूनच विसरता कामा नये.

तेव्हा जाणार असाल तर चालायचे बूट घाला, नातवंडांना बरोबर न्या, आणि दोन्ही आकडे त्यांना एकत्रच सांगा.