गंभीर मानसिक आजार आणि बाळंतपणाचे नियोजन

बाळंतपणाची तयारी म्हटली की आपल्या घरांत डिंकाचे लाडू, दुपटी आणि इस्पितळात न्यायची पिशवी यांची लगबग सुरू होते. मात्र होणाऱ्या आईला बायपोलर डिसऑर्डर किंवा स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर आणखी एक तयारी अत्यावश्यक ठरते. मानसोपचारतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, ती स्वतः आणि तिचे कुटुंबीय यांनी मिळून ठरवलेला लेखी आराखडा तिच्या हाती असावा लागतो.

प्रसूतीनंतर दर १००० स्त्रियांमागे एक-दोघींना तीव्र मनोविकृतीचा झटका येतो. बायपोलर डिसऑर्डर असलेल्या स्त्रियांत हेच प्रमाण सुमारे पाचांत एक इतके वाढते. लक्षणे बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच दिसू लागतात : झोप उडते, बोलणे असंबद्ध होते, मनात भलतेच संशय येतात, बाळाविषयी विपरीत भ्रम होतात. ही वैद्यकीय आणीबाणी असते. 'बाहेरची बाधा' म्हणून दोन दिवस दवडणेही आई व बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. वेळीच उपचार मिळाल्यास बहुतेक स्त्रिया पूर्णपणे बऱ्या होतात.

औषधांचा विचार तर गर्भधारणेपूर्वीच व्हायला हवा. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या सुमारे दहांपैकी एका बालकात जन्मजात व्यंग आढळते. बौद्धिक विकासावरही परिणाम होऊ शकतो. म्हणून ते आधीच बदलून घेणे इष्ट. परंतु दिवस गेल्याचे कळताच घाबरून सगळ्याच गोळ्या एकदम बंद करणेही तितकेच घातक आहे, कारण त्यामुळे आजार उलटतो. लिथियम सुरू ठेवावे लागले, तर गरोदरपणात त्याची रक्तातील पातळी घसरते. त्यामुळे तपासण्या वारंवार कराव्या लागतात.

आपल्याकडे एक अडचण विशेष आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते, उपचार मात्र सासरच्या गावी चाललेले असतात. नेमक्या धोक्याच्या दिवसांत ती आपल्या डॉक्टरांपासून दूर असते. विवाहाच्या वेळी आजार लपवला गेला असेल (आणि तो लपवला जातो, हे आपण जाणतो), तर गोळ्याही चोरून घ्याव्या लागतात. मग नियोजन करणार तरी कोण? म्हणून आराखड्याची प्रत दोन्ही घरांत व प्रसूती होणार त्या इस्पितळात असावी. कोणते औषध किती, स्तनपानाचे काय, आजार उलटताना तिच्यात प्रथम कोणता बदल दिसतो, तेव्हा कोणाला कळवायचे, हे सारे त्यात लिहावे. रात्री बाळाला कोण घेणार हेही ठरवावे. अशा आईला अखंड झोप औषधाइतकीच गरजेची असते.

इस्पितळात दाखल व्हावे लागले, तरी बाळाची ताटातूट अटळ नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २००९ पासून आई व बाळाला एकत्र ठेवणारा कक्ष आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालील मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सामान्यतः वेगळे करता येत नाही. आईकडून मुलाला धोका असल्यास तसे करता येते; मात्र त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा लागतो. मार्गदर्शनासाठी केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.