बिऱ्हाड हलविताना

मराठी घरांचा आणि बंगळूरचा संबंध जुना आहे. इ. स. १६३८ च्या सुमारास विजापूरच्या फौजांनी हे ठाणे जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागिरीदाखल आले. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी नंतर तेथून तंजावरास जाऊन राज्य थाटले. विसाव्या शतकात हिंदुस्थान एअरक्राफ्ट (१९४०), इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज (१९४८), हिंदुस्थान मशीन टूल्स (१९५३) आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४) या उद्योगांमुळे देशभरातून कामगार व अभियंते तेथे गेले, आणि अलीकडे संगणक-व्यवसायाने ही ये-जा पुष्कळच वाढविली. मुंबई किंवा पुण्याहून बंगळूरला बिऱ्हाड हलविणे ही आता अनेक कुटुंबांच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे. ट्रंका आणि वळकट्या गेल्या. त्यांची जागा पुठ्ठ्याच्या खोक्यांनी घेतली. परंतु घर मोडून दुसरीकडे उभे करताना जे चुकते, ते फारसे बदललेले नाही.

प्रथम काय न्यायचे नाही, हे ठरवावे लागते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तेथील उन्हाळा मुंबईच्या मानाने सौम्य असल्यामुळे खोली गार करण्याचे यंत्र हजार किलोमीटर वाहून नेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. याच उंचीचा आणखी एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. मुंबईपेक्षा तेथील हवेचा दाब सुमारे एक दशांशाने कमी असतो. त्यामुळे मुंबईत हवाबंद केलेली पिशवी तेथे पोहोचताना फुगते आणि घट्ट झाकणाच्या बरणीतील लोणच्याचे तेल कडेने झिरपू लागते. लोणचे न्यायचेच असेल, तर बरणीत वरून थोडी जागा मोकळी ठेवावी आणि तिला स्वतंत्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावे.

खोक्यांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. पुठ्ठ्याच्या खोक्याचे बळ त्याच्या दोन थरांमधील उभ्या पन्हाळ्यांत असते. कागद हवेतील ओल शोषून घेतो आणि मग तेच खोके वरच्या खोक्यांच्या भाराने दबते. जूनमध्ये शाळांच्या सोयीने निघणाऱ्या मुंबईकर कुटुंबाला नेमका हाच काळ गाठतो. म्हणून पावसाळ्यात पुस्तके आणि कागद प्लास्टिकमध्ये बांधूनच खोक्यात घालावे, आणि खोकी भिंतीला किंवा ओल्या फरशीला टेकून ठेवू नयेत. जड वस्तूंना लहान खोके व हलक्या वस्तूंना मोठे, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. तरी पुस्तकांचे मोठे खोके भरण्याचा मोह अनावर होतो आणि जिन्यात त्याचा तळ सुटतो. चिनी मातीच्या बशा आडव्या रचल्या, तर वरच्यांचा सारा भार सर्वांत खालच्या बशीच्या मध्यावर येतो. त्या कागदात गुंडाळून उभ्या ठेवाव्या, म्हणजे धक्का काठावर पडतो आणि काठ तो सोसू शकतो. खोक्यात पोकळी राहू देऊ नये. वस्तू फुटतात त्या बहुधा भाराने नव्हेत, तर आतल्या आत हलल्याने. आणि खंबाटकीच्या घाटापासून तुमकूरपर्यंत हलण्याला संधी भरपूर असते. जुनी लुगडी, चादरी, टॉवेल यांहून चांगले भरण दुसरे नाही.

शीतकपाट आदल्या दिवशी बंद करून कोरडे करावे आणि उभेच न्यावे. पुढून दार उघडणाऱ्या कपडे धुण्याच्या यंत्राचे पिंप स्प्रिंगांवर टांगलेले असते. ते पक्के धरून ठेवणारे बोल्ट यंत्र घेताना मिळालेले असतात आणि प्रवासापूर्वी ते पुन्हा बसविलेच पाहिजेत. ते कोठे ठेवले आहेत हे बहुतेक घरांत कोणालाच आठवत नाही.

याहून मोठे नुकसान कागदांच्या हयगयीने होते. मालवाहतुकीसंबंधी १८६५ चा कायदा जाऊन २००७ चा रस्ते वाहतूक अधिनियम आला. त्याखालील २०११ च्या नियमांप्रमाणे माल हरवला किंवा मोडला, तर वाहतूकदाराचे दायित्व साधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित असते. मालाचे अधिक मूल्य आधीच लेखी जाहीर केले असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी वाहतूकदार जादा आकार घेऊ शकतो. दावा करावयाचा झाल्यास बिल्टी झाल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस देणे आवश्यक आहे. ‘विमा’ या नावाने पैसे घेतले गेले, तर विमापत्र घरमालकिणीच्या किंवा घरमालकाच्या नावावर मागून घ्यावे. पावतीवर तो शब्द लिहिलेला असणे म्हणजे विमा नव्हे. प्रत्येक खोक्याला क्रमांक द्यावा आणि यादीच्या दोन प्रती करून एकीवर वाहतूकदाराची सही घ्यावी. ठरलेले भाडेही लेखी असावे. ट्रक नव्या घराच्या दारात उभा करून जादा रक्कम मागण्याचे प्रकार घडतात, आणि तेव्हा कुटुंबाचे सर्वस्व त्या ट्रकमध्ये असते. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, हेही ठाऊक असलेले बरे.

काही गोष्टी ट्रकमध्ये चढतच नाहीत. गॅसची टाकी आणि रेग्युलेटर जुन्या वितरकाकडे परत करून अनामत रक्कम व जोडणी बंद केल्याचा दाखला घ्यावयाचा. नव्या शहरात तो दाखवून पुन्हा अनामत भरावी लागते. शेगडी तेवढी आपली. मोटार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची असेल, तर १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमानुसार तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ नोंदणी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच मागावे. बंगळूरात घरभाड्याची अनामत फार मोठी, कित्येकदा दहा महिन्यांच्या भाड्याइतकी, मागण्याची रीत चालत आली आहे. ती परत मिळण्याचा भरवसा करारातील शब्दांवर असतो. रंगकामासाठी किती रक्कम कापली जाईल, हे तेथेच लिहून घ्यावे.

मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला हाती आल्याशिवाय निघू नये. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने शाळांतून कन्नड शिकविणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक केले आहे. महाराष्ट्राने मराठीसाठी तसाच कायदा २०२० मध्ये केला. वरच्या इयत्तेत जाणाऱ्या मुलाला अनोळखी लिपीपासून आरंभ करावा लागेल की काही सवलत मिळेल, हे खोकी भरण्यापूर्वी शाळेला विचारावे. हे दाखले, दागिने, औषधे आणि देवघरातील टाक हातातल्या पिशवीत असावेत.

सामान उतरताना क्रमांक जुळवावे आणि मोडतोड दिसल्यास पोच देतानाच तीवर लिहावी. शीतकपाट काही तास तसेच उभे राहू द्यावे, म्हणजे यंत्रातील तेल खाली बसते. स्वयंपाकघराचे एक खोके ट्रकमध्ये सर्वांत शेवटी चढवावे, कारण तेच प्रथम उतरते. त्यात विजेची एक लहान शेगडी असू द्यावी. नव्या घरात दूध उतू घालण्याचा रिवाज पाळावयाचा असला, तरी गॅसची जोडणी त्या दिवशी मिळालेली असेलच असे नाही.