न्यायमूर्ती निवडताना

संध्याकाळी बनेद अल-गारमध्ये समुद्राच्या बाजूला चार मराठी कुटुंबे फिरायला निघाली, की गावाकडच्या जमिनीचा विषय हटकून निघतो. परवा एका वहिनींनी विचारले, “बाई, आमचे अपील मुंबईच्या उच्च न्यायालयात पडून आहे. तिथे बसणारा माणूस निवडतात तरी काय पाहून?”

घटनेचे २१७ वे कलम फार थोडे सांगते. माणूस भारताचा नागरिक हवा, आणि त्याने १० वर्षे न्यायाधिकारी म्हणून काम किंवा उच्च न्यायालयात वकिली केलेली हवी. १९९३ च्या निकालापासून निवडीत ज्येष्ठ न्यायमूर्तींचा शब्द चालतो; त्याऐवजी आणलेला आयोग सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केला. पण स्वभाव कसा हवा, याबद्दल घटना गप्प आहे.

वर्गात मॉनिटर नेमताना मी पूर्वी हुशार मूल निवडत असे. पुढे कळले, की बाईंची चूक बाईंना सांगणारे मूल जास्त उपयोगी!

१८९३ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारले आणि त्यांच्या जागी महादेव गोविंद रानडे आले. तेलंग वकिलीतून चाळिशीच्या आतच न्यायासनावर गेले होते. धर्मशास्त्र मूळ संस्कृतातून वाचणारे. रानडे सरकारी नोकरीतले. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या वेळी, १८७९ मध्ये, सरकारला त्यांचा संशय आला. धुळ्याला बदली झाली, टपालावर पाळत बसली. रानड्यांनी काम सोडले नाही आणि मतेही सोडली नाहीत. पुढे कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी झालेल्या कायद्याखाली ते दख्खनच्या जिल्ह्यांत फिरत राहिले. अशा माणसाला कुळ आणि सावकार दोघेही पुस्तकाबाहेर भेटलेले असतात.

म्हणून उमेदवाराचे जुने दिवस पाहावेत. दुबळ्या बाजूच्या वकिलाला तो बोलू देतो का? निकाल किती महिने अडवून ठेवतो? आणि हरलेल्याला निकाल वाचून आपण का हरलो ते कळते का? माझ्या मते हा तिसरा प्रश्न सर्वांत मोठा.

आणीबाणीत नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतात असे म्हटले. त्यांत मुंबईचे नागपूर खंडपीठही होते. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. त्याच वर्षी १६ न्यायमूर्तींच्या दुसऱ्या राज्यांत बदल्या झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने आपला तो निकाल चुकीचा ठरवला, पण २०१७ मध्ये.

वहिनींचे अपील पुढच्या महिन्यात पुन्हा बोर्डावर आहे.