पोपट पाळण्याचा खर्च



मुलांनी हट्ट धरला की आपण भोपाळच्या बाजारातून पोपट आणतो. मनात म्हणतो, खर्च तो काय, दाणा तर घरचाच! पण गाय घेताना आपण वैरणीचा व औषधपाण्याचा हिशेब आधी करतो. पाखराचाही तसाच करावा.

प्रथम कायदा. आपल्या पेरूवर व हरभऱ्यावर उतरणारा कंठवाला पोपट आणि खांद्यावर तांबडा पट्टा असलेला पहाडी पोपट हे रानपक्षी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ते पकडणे, विकणे व पाळणे गुन्हा आहे. ढोलीतून काढलेले पिल्लू स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. दंडच १ लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो, शिवाय कैद वेगळी. घरात असा पोपट आधीपासून असल्यास एकदम उडवून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्या पाखराला रानात चारा शोधता येत नाही. वन विभागाला कळवावे.

बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकले जाणारे छोटे बजरीगर आणि तुरेवाले कॉकाटील मूळचे ऑस्ट्रेलियाचे. ते पाळता येतात. आफ्रिकन ग्रेसारख्या मोठ्या परदेशी पोपटाची मात्र २०२४ च्या नियमांप्रमाणे नोंदणी करावी लागते.

आता हिशेब. बजरीगर दिवसाला फार तर १० ग्रॅम दाणा खातो, म्हणजे जोडीला वर्षाकाठी सुमारे ७ किलो राळे किंवा बाजरी. हा खर्च किरकोळ. परंतु नुसत्या दाण्यावर पाखराला अ जीवनसत्त्व मिळत नाही आणि तो आजारी पडतो. रोज थोडी मेथी, कोथिंबीर, गाजर द्यावे. चहा, चॉकलेट व खारट पदार्थ देऊ नयेत. पिंजरा पंख पसरता येतील एवढा हवा. जस्ताचा मुलामा निघत असेल तर तो कुरतडून विषबाधा होते. बसायला फवारणी न केलेली पेरूची फांदी चालते, ती फुकटच मिळते.

मोठा खर्च डॉक्टरांचा. पाखरू आजार लपवते. ते पिसे फुगवून बसले व खाईनासे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. गुरांच्या प्रत्येक डॉक्टरला पाखरांची माहिती असतेच असे नाही, म्हणून शहरात जाणे आले. त्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी.

घरच्यांच्या प्रकृतीचाही विचार करावा. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात गेल्यास माणसाला ‘पोपटताप’ होऊ शकतो. पिंजरा ओला करूनच झाडावा. घरात कोणाला ताप, डोकेदुखी व कोरडा खोकला आला, तर घरी पाखरू आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. औषधाने हा रोग बरा होतो.

शेवटी वर्षे मोजा. बजरीगर ५ ते १० वर्षे जगतो, कॉकाटील १५ ते २०, आफ्रिकन ग्रे ४० च्याही पुढे. हट्ट करणारे मूल शिकायला बाहेरगावी जाते आणि पिंजरा साफ करायला आई मागे उरते. म्हणून पोपट आणण्यापूर्वी तिला जरूर विचारा.