कबुतरावरची चपटी माशी

खरवईतल्या एखाद्या इमारतीच्या सज्ज्यावर कबुतराने घरटे केले, की कधीतरी घरातल्या पडद्यावर तपकिरी, चपटा किडा दिसतो. चिमटीत धरू जावे तर तो खेकड्यासारखा तिरका पळतो. गोचीड समजून घरभर औषध मारण्यापूर्वी त्याचे पाय मोजावेत.

पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ पाय, पंख नाहीत. याला सहा पाय आणि दोनच पंख. भिंगातून पाहिले, तर पंखांमागे दोन बारीक बोंडे दिसतात. दुसऱ्या पंखजोडीच्या जागी आलेली, तोल सांभाळणारी ही बोंडे म्हणजे माशीची खूण. चिवट, चपटे अंग आणि पिसांत रुतणाऱ्या वाकड्या नख्या ‘हिप्पोबॉसिडी’ कुळाकडे नेतात. याच कुळातली मेंढीवरची माशी बिनपंखी असते; हिचे पंख टिकतात. पक्ष्यांवरच्या काही भाऊबंद माश्यांच्या माथ्यावर तीन साधे डोळे असतात, हिला ते नसतात. त्यातून यजमान कबूतर, तेव्हा ही बहुधा ‘स्यूडोलिंचिया कॅनारिएन्सिस’.

ही अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी पोटात वाढवते आणि पुरी वाढल्यावर बाहेर टाकते. थोड्याच वेळात तिचा काळा, बीसारखा कोष होतो. कबुतराच्या रक्तातला ‘हिमोप्रोटियस’ परजीवी हिच्यामार्फत पसरतो, हे सर्जां बंधूंनी अल्जीरियात १९०६ मध्ये दाखवले. माणसाला त्याची बाधा होत नाही. माशी क्वचित चावते, इतकेच.

म्हणजे मूळ पडद्यात नाही, घरट्यात आहे. पिल्ले उडून गेल्यावर पाणी शिंपडून, धूळ न उडवता, ते कोषांसकट काढावे.