वनांच्या पुनरुज्जीवनात लोकज्ञानाचे स्थान

वनांचा ऱ्हास किती झाला, हे आकाशातून मोजता येते. हैदराबाद येथील राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने उपग्रहांच्या प्रतिमांवरून देशातील वनाच्छादनाची पाहणी केली, तेव्हा १९७२-७५ मध्ये सुमारे १६.९ टक्के असलेले प्रमाण १९८०-८२ मध्ये १४.१ टक्क्यांवर आल्याचे दिसून आले. या आकड्यांत पुढे दुरुस्ती झाली. तथापि त्यांनी दिलेला इशारा कायम राहिला. मात्र वन कोठे विरळ झाले हे कळले, तरी ते पुन्हा कसे उभारावे हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी वनालगत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांकडेच जावे लागते.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील सदाहरित वनांच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे. या वनांचे अवशेष अनेक ठिकाणी देवरायांच्या रूपाने टिकून आहेत. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथे ग्रामस्थांनी देवराई म्हणून राखलेली रानजायफळाची दलदल आहे. क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर, परंतु २०२१ मध्ये शासनाने ते जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले.

या दलदलीतील झाडांची मुळे श्वसनासाठी चिखलातून वर येतात. पाण्याचा प्रवाह वळविल्यास ही झाडे तग धरू शकत नाहीत. म्हणून अशा ठिकाणी रोपांआधी पाण्याची वाट राखावी लागते. सदाहरित वनांतील पुष्कळ बियाणे वाळताच निर्जीव होते. ते भांडारात साठविता येत नाही. फळ केव्हा पिकते, कोणते रोप सावलीत वाढते आणि धनेश पक्षी कोणत्या झाडांवर उतरतो, ही माहिती म्हणूनच मोलाची ठरते. ती बव्हंशी वडीलधाऱ्यांच्या स्मरणातच आहे.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. वनहक्क अधिनियम, २००६ ने पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक हक्कही मान्य केला आहे. तेव्हा खड्डे खणण्यापूर्वी गावातील जाणत्यांना विचारणे आणि नोंदवहीत त्यांचे सांगणे उतरवून घेणे अगत्याचे आहे. तोडलेले वन कदाचित पुन्हा उभे राहील. जाणत्या माणसाबरोबर गेलेले ज्ञान मात्र परत मिळणार नाही.